दोष कोणाचा? : सर विल्यम बेव्हरिज यांचे जीवन

आमच्या घरी वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सेवायोजन कार्यालयाचे एक कार्ड आहे. घडीवर फाटलेले, चिकटपट्टीने सांधलेले. पुढच्या बाजूला नोंदणी क्रमांक आणि शिक्षणाचा रकाना, मागच्या बाजूला नूतनीकरणाचे शिक्के. शिक्के पुष्कळ आहेत. बोलावणे मात्र एकदाही आले नाही. पुढे वडिलांना ओळखीने एका लहान कारखान्यात काम मिळाले आणि मी पाचवीत असताना तो कारखाना बंद पडला. हाती आलेले पैसे तीन महिने पुरले. त्यानंतरची दोन वर्षे मला नीट आठवतात. येणारे-जाणारे नातेवाईक चहा पिता पिता सांगत की, मनापासून शोधणाऱ्याला काम मिळतेच. वडील मान खाली घालून ऐकून घेत. त्या बोलण्यात एक आरोप आहे हे मला तेव्हा कळत नव्हते. वडिलांना कळत होते.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी बेकारीचे प्रकार शिकवताना विल्यम बेव्हरिज यांचे नाव घेतले. या गृहस्थांनी वयाच्या तिसाव्या वर्षी, १९०९ साली, बेकारीवर एक ग्रंथ लिहिला आणि बेकारी हा उद्योगधंद्याच्या रचनेचा प्रश्न आहे हे त्याच्या मुखपृष्ठावरच जाहीर केले. ते ऐकताना मला ट्रंकेतले कार्ड आठवले. दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे असे शंभर वर्षांपूर्वी म्हणणारा हा माणूस कोण, याचा मी माग काढू लागले. जे हाती लागले ते सरळ नव्हते. म्हणूनच ते सांगावेसे वाटते.

बेव्हरिज यांचा जन्म आपल्याच उपखंडातला. ५ मार्च १८७९ रोजी, तेव्हाच्या बंगालमधील आणि आजच्या बांगलादेशातील रंगपूर येथे ते जन्मले. वडील हेन्री बेव्हरिज हे सनदी नोकरीत न्यायाधीश होते. आई ॲनेट या बंगाली स्त्रियांच्या शिक्षणासाठी १८७२ साली कलकत्त्याला आल्या होत्या. उतारवयात वडिलांनी फार्सीतून अकबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर केले, तर आईने तुर्कीतून बाबरनाम्याचे. अशा विद्याव्यासंगी घरात वाढलेला हा मुलगा ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजात चमकला. त्याने वकील व्हावे अशी घरची इच्छा होती. पण १९०३ साली बेव्हरिज यांनी लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल या संस्थेत उपप्रमुखाची जागा पत्करली. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहून तिथले जीवन जाणून घ्यावे, हा त्या संस्थेचा हेतू होता.

तिथून जवळच लंडनच्या गोद्या होत्या. रोज पहाटे गोदीच्या दरवाजाशी माणसांचा घोळका जमे. मुकादम येऊन हवी तितकी माणसे निवडी, उरलेली परत जात. आपल्याकडच्या मजूर-अड्ड्यावर सकाळी आठ वाजता जे दिसते, तेच हे दृश्य. परोपकारी लोक अशांसाठी हिवाळ्यात निधी जमवून थोडेफार काम देत. बेव्हरिज यांनी त्या निधीच्या कामात भाग घेतला, कागदपत्रे तपासली आणि त्यांच्या ध्यानात आले की, ही मलमपट्टी आहे. प्रत्येक गोदी, प्रत्येक मालक आपापल्या दरवाजाशी थोडी जादा माणसे राखून असतो. आज माल जास्त आला तर हाताशी माणूस हवा ना! अशा शंभर दरवाजांवरच्या जादा माणसांची बेरीज केली तर ती साऱ्या बंदराच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी निघते. एका दरवाजावर माणसे कमी पडत असतात, त्याच वेळी दुसऱ्यावर रिकामी उभी असतात. म्हणजे अर्धपोटी राहणारा हा वर्ग कोणाच्या आळसातून उपजलेला नाही. तो माणसे नेमण्याच्या पद्धतीतून तयार झालेला आहे.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता लेबर एक्स्चेंजचा, म्हणजे आपल्या सेवायोजन कार्यालयाच्या पूर्वजाचा. मालकाने जागा कळवावी, कामगाराने नाव नोंदवावे आणि दोघांची गाठ एका ठिकाणी पडावी. जर्मनीत अशी कार्यालये होती. १९०७ साली बेव्हरिज ती स्वतः पाहून आले. त्या सुमारास ते मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्रात सामाजिक प्रश्नांवर अग्रलेख लिहीत असत. १९०८ साली विन्स्टन चर्चिल व्यापार खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी या तरुणाला खात्यात बोलावले. १९०९ साली कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी ही कार्यालये उघडली. त्यांचा कारभार बेव्हरिज यांच्याकडेच आला.

पाठोपाठ १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात बेकारीचा विमा आला. साऱ्या राष्ट्राला लागू असा सक्तीचा बेकारी विमा जगात हा पहिलाच. बांधकाम, यंत्रोद्योग, जहाजबांधणी अशा चढउताराच्या धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात होते. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने तितकेच, आणि या बेरजेच्या एकतृतीयांश भर सरकारने घालायची. काम सुटले तर आठवड्याला सात शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. रक्कम लहानच होती. पण तिच्यामागचा विचार लहान नव्हता. ही भीक नव्हे, वर्गणी भरून मिळवलेला हक्क आहे, हा तो विचार.

इथेच एक गाठ बसली, जी पुढे शंभर वर्षे सुटली नाही. भत्ता घ्यायचा तर एक्स्चेंजमध्ये हजेरी लावली पाहिजे. तिथे योग्य काम देऊ केले तर ते घेतले पाहिजे. स्वतःहून काम सोडणाऱ्याचा किंवा गैरवर्तनामुळे काढलेल्याचा भत्ता सहा आठवडे बंद. चर्चिल यांना ही शेवटची अट पटली नव्हती. ज्याने वर्गणी भरली त्याची जोखीम विम्याने घ्यावी, त्याच्या चारित्र्याचा न्याय करू नये, असे त्यांचे मत होते. अधिकाऱ्यांचे मत वेगळे होते आणि अट राहिली. म्हणजे एक्स्चेंजच्या एकाच खिडकीतून हक्क मिळे आणि त्याच खिडकीतून माणसाची परीक्षाही होई.

आणि आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना जीभ अडखळते. ज्यांनी दोष व्यवस्थेचा आहे असे दाखवले, त्याच बेव्हरिज यांनी तरुणपणी असेही लिहिले होते की, जे लोक उद्योगात पुरती जागा भरूच शकत नाहीत त्यांना काम करण्यास अपात्र ठरवावे, सरकारने त्यांना पोसावे, पण त्यांचा मताधिकार, स्वातंत्र्य आणि पितृत्वाचा अधिकारही काढून घ्यावा. वाचून मी पुस्तक मिटले. माझ्या वडिलांना दोषमुक्त करणारा माणूस म्हणून मी ज्याच्याकडे पाहत होते, त्याच्याच हातात ही कुऱ्हाड होती. पण चरित्र लिहायचे तर नायकाची दिवाळी तेवढी सांगून शिमगा लपवणे बरे नव्हे. त्या काळी इंग्लंडातल्या कित्येक पुरोगामी विचारवंतांना असेच वाटे, हे खरे. तरी ते समर्थन होत नाही.

१९१९ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले आणि अठरा वर्षे त्यांनी ती संस्था वाढवली. बाहेर मात्र त्यांच्या योजनेची दशा होत होती. १९२० साली विमा बहुतेक सर्व औद्योगिक कामगारांना लागू झाला आणि लगेच मंदी आली. पंधरा आठवड्यांच्या हिशोबाने उभारलेली योजना वर्षानुवर्षांच्या बेकारीपुढे टिकणार कशी? निधी कर्जात बुडाला. मग सरकारने अट घट्ट केली. आपण मनापासून काम शोधतो आहोत हे कामगारानेच सिद्ध करावे, असा नियम १९२१ साली आला. ज्या गावात गिरण्या आणि गोद्याच बंद, तिथे माणसाने दारोदार हिंडल्याचा पुरावा आणायचा! १९३० मध्ये तो नियम गेला, पण १९३१ साली भत्ता दहा टक्क्यांनी कापला गेला आणि विम्याची मुदत संपलेल्यांसाठी ऐपतीची चौकशी सुरू झाली. चौकशीवाले घरी येत, घरातल्या साऱ्यांची मिळकत मोजत. मुलगी दुकानात चार पैसे मिळवते म्हणून बापाचा भत्ता कमी होई. बापाचे नुकसान टळावे म्हणून कमावती मुले घर सोडून जात. १९३३ च्या आरंभी ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळ पोहोचली होती. १९३६ साली जॅरो या गावातले दोनशे पुरुष काम मागण्यासाठी लंडनपर्यंत चालत गेले.

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? एक्स्चेंज हा पोहरा होता. कामाची विहीरच आटली तर पोहऱ्याला दोष देऊन किंवा दोर ओढणाऱ्याला दटावून काय उपयोग! तरुण बेव्हरिज यांनी पोहरा उत्तम घडवला होता. विहिरीचा विचार त्यांना पुढे करावा लागला. १९३४ पासून ते बेकारी विम्याच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे हे सारे आकडे त्यांच्या डोळ्यांखालून जात होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना युद्धकाळातील मनुष्यबळाचे नियोजन आपल्या हाती हवे होते. पण ते स्वभावाने आग्रही होते, दुसऱ्याच्या हाताखाली त्यांचे जमत नसे. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना ते आपल्या खात्यात नकोसे झाले. १९४१ च्या जूनमध्ये त्यांच्याकडे एका कंटाळवाण्या समितीचे अध्यक्षपद आले. विखुरलेल्या विमा योजनांची पाहणी करणे हे तिचे काम. आपल्याला अडगळीत टाकले हे त्यांनी ओळखले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते असे सांगतात. त्या अडगळीतूनच १ डिसेंबर १९४२ रोजी तो प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. इतर सदस्य सरकारी नोकर असल्याने त्यावर सही एकट्या बेव्हरिज यांची. ऐन युद्धात लोकांनी रांगा लावून तो विकत घेतला. संक्षिप्त आवृत्ती धरून त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. सरकारी अहवालाचे असे भाग्य क्वचितच उजळते.

अभाव, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढावयाचे आहे, असे त्यात म्हटले होते. बेकारीपुरते पाहिले तर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. भत्ता जगण्यापुरता असावा. तो ऐपत न तपासता मिळावा. आणि बेकारी जितके दिवस राहील तितके दिवस तो चालू राहावा. मात्र काही महिन्यांनंतर त्या माणसाने प्रशिक्षण केंद्रात जावे. म्हणजे अट त्यांनी सोडली नाही. पण या अटीच्या समोर त्यांनी सरकारवरही एक अट घातली. सारी योजना एका गृहीतावर उभी आहे आणि ते गृहीत म्हणजे सरकार मोठी बेकारी होऊ देणार नाही. १९४४ च्या पूर्ण रोजगारावरील पुस्तकात त्यांनी हे अधिक स्पष्ट केले. देशात रिकाम्या माणसांपेक्षा रिकाम्या जागा नेहमी जास्त असाव्यात. अधूनमधून काम बदलणाऱ्यांची म्हणून तीन टक्के बेकारी चालेल, त्याहून अधिक नाही. विहिरीला पाणी ठेवणे हे राज्याचे काम, पोहरा सोडणे हे माणसाचे.

माझ्या समजुतीप्रमाणे बेव्हरिज यांच्या आयुष्याचे सार इथे आहे. पस्तीस वर्षांत त्यांची माणसाकडून असलेली अपेक्षा कमी झाली नाही. राज्याकडून असलेली अपेक्षा वाढली. एका हाताने टाळी वाजत नाही, हे त्यांना कळले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९४४ साली ते उदारमतवादी पक्षातर्फे पार्लमेंटात गेले आणि १९४५ च्या निवडणुकीत पडले. त्यांचा अहवाल अमलात आणला तो मजूर पक्षाच्या सरकारने. १९४६ चा कायदा ५ जुलै १९४८ पासून लागू झाला. त्यात बेकारी भत्त्याला साधारण तीस आठवड्यांची मर्यादा होती; मुदतीविना भत्ता ही बेव्हरिज यांची सूचना बाजूलाच राहिली. तरी नंतरच्या दीड दशकात ब्रिटनमधील बेकारी बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास राहिली, त्यामुळे मर्यादा फारशी कोणाला टोचली नाही. विहिरीत पाणी होते. सरदार सभागृहाचे सभासद झालेले बेव्हरिज म्हातारपणी किमतींच्या इतिहासावर काम करीत राहिले आणि १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्ड येथे वारले.

पण अशा माणसाचे चरित्र मृत्यूपाशी संपत नाही. १९६६ साली भत्त्याला पगाराच्या प्रमाणात पुरवणी जोडली गेली, संरक्षण वाढले. १९८२ च्या जानेवारीत बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला आणि त्याच वर्षी ती पुरवणी रद्द झाली, भत्त्यावर करही बसला. पूर्ण रोजगार हे ध्येय मागे पडून महागाई आटोक्यात ठेवणे हे पहिले कर्तव्य मानले जाऊ लागले. १९८९ च्या कायद्याने बेकाराने सक्रियपणे काम शोधत असल्याचे दाखवणे आवश्यक केले. १९२१ चा नियम नव्या कपड्यांत परत आला. १९९६ च्या ऑक्टोबरात बेकारी भत्त्याचे नाव बदलून काम शोधणाऱ्याचा भत्ता झाले आणि वर्गणीच्या हक्काने मिळणारी मुदत बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आली. १९९८ साली तरुणांसाठी नवी योजना आली. तिच्यात सल्लागार होता, शिक्षण होते, मालकाला अनुदान होते. पण घरी बसून भत्ता घेण्याचा पर्याय नव्हता. २०१२ मध्ये अटी मोडणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत रोखण्याची तरतूद झाली. २०१९ साली ती कमाल सहा महिन्यांवर आणली. २०१३ पासून आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मदत ऐपत पाहूनच मिळते, आणि वर्गणीवरचा हक्क कोपऱ्यात उभा राहिला आहे.

सुधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. फार काळ घरी बसलेल्या माणसाचे कसब गंजते, उमेद जाते. त्याला हाताला धरून कामापर्यंत नेणे ही दयाच आहे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि प्रशिक्षण केंद्राची अट घालणारे बेव्हरिज यांनी तेच म्हटले असते. पण त्यांच्या करारातले एक पान फाडले गेले, हे लक्षात घ्यावे लागते. माणसाने काय करावे याची यादी लांबत गेली. राज्याने किती कामे उभी ठेवावीत याचा आकडा मात्र गळून गेला. दोषाचा काटा पुन्हा माणसाकडे झुकला.

तो काटा किती हलता असतो हे २०२० च्या मार्चमध्ये दिसले. महामारीत दुकाने, हॉटेले, कारखाने बंद झाले तेव्हा त्याच ब्रिटिश सरकारने घरी बसलेल्या नोकरांना पगाराच्या ऐंशी टक्के, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, देऊ केले. सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललेल्या या योजनेने एक कोटी सतरा लाख नोकऱ्यांना आधार दिला. कोणी काम शोधल्याचा पुरावा मागितला नाही. कारण या वेळी दोष त्यांचा नाही, हे सर्वांना दिसत होते. मला प्रश्न पडतो की, गोदीच्या दरवाजावरून परतणाऱ्याचा तरी दोष कुठे होता? तो फक्त इतका ढळढळीत दिसत नव्हता, म्हणून तर दाखवून द्यायला एक बेव्हरिज लागला.

या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. आपल्याकडची सेवायोजन कार्यालये १९४५ साली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झाली. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आजारपण, बाळंतपण, अपघात यांना त्यात जागा मिळाली, बेकारीला मिळाली नाही. पोहरा आला, विमा अर्धा आला, विहिरीचे कोणी बोलले नाही. पुढे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. खेड्यात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला शासनाने पंधरा दिवसांत काम द्यावे, नाही तर भत्ता द्यावा, असे त्यात म्हटले. भत्ता नाममात्र होता, पण कराराची दुसरी बाजू कागदावर आली होती. शहरातल्या बंद कारखान्याच्या कामगाराला ती कधी लाभली नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, त्या गोदीवाल्यांना पहाटे किती वाजता जावे लागे? मी सांगितले, उजाडण्यापूर्वी. ते म्हणाले की, आपणही कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षे रोज सकाळी सहाला घरातून निघत होतो, हे तुला ठाऊक नसेल. मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्या वेळी मी झोपलेली असे. कार्ड त्यांनी पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवले.